उन्हाचा कर्करोग आणि वनस्पतींची ढाल

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरब हे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे वीस अंशांवर वसलेले आहे. या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोन वेळा, मेच्या उत्तरार्धात एकदा आणि जुलैच्या उत्तरार्धात एकदा, माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या मनुष्याची सावली त्याच्याच पायाखाली नाहीशी होते. जुलैमध्ये निदान ढगांचे आच्छादन असते. मेमध्ये तेही नसते. अशा उन्हात शेतकरी मृगापूर्वीची मशागत उरकीत असतो. सोसवेनासे झाले म्हणजे तो बांधावरच्या कडुनिंबाखाली येऊन बसतो. कडुनिंबास मात्र कोठेही जाता येत नाही. त्याची पाने दिवसभर तेच ऊन घेतात, त्यावरच अन्न तयार करतात आणि तरीही हिरवी राहतात.

यावरून एक प्रश्न शास्त्रज्ञांच्या मनात साहजिकच आला. सूर्यप्रकाशातील घातक किरणांपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी वनस्पती जी द्रव्ये निर्माण करतात, ती मनुष्याच्या त्वचेसही उपयोगी पडतील काय? त्या किरणांमुळे होणारा त्वचेचा कर्करोग त्यांच्या योगाने टाळता येईल काय? गेली चाळीसहून अधिक वर्षे यावर जगभर प्रयोग चालू आहेत आणि त्यांत मुंबईच्या प्रयोगशाळांचाही वाटा आहे. घरोघरी हळदीचा लेप लावणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबांस या प्रयोगांचे फलित नीट ठाऊक असणे अगत्याचे आहे; कारण या विषयात आशा आणि पुरावा यांची गल्लत फार लवकर होते, आणि तिची किंमत रोग्यास मोजावी लागते.

प्रथम किरणांविषयी. सूर्यप्रकाशाचे सात रंग डोळ्यांस दिसतात. जांभळ्या रंगाच्या पलीकडेही काही किरण असले पाहिजेत, हे १८०१ मध्ये योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. रुप्याचा एक क्षार प्रकाशात काळा पडतो; तो जांभळ्या पट्ट्याच्या पुढे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नाही अशा जागी, सर्वांत लवकर काळा पडला. या किरणांस मराठीत जंबुपार किंवा अतिनील किरण म्हणतात. त्यांचे तीन वर्ग आहेत. सर्वांत तीव्र असा ‘क’ वर्ग वातावरणातच शोषला जातो. २८० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचा ‘ब’ वर्ग बराचसा ओझोनच्या थरात अडतो, तथापि थोडा जमिनीपर्यंत पोहोचतो. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचा ‘अ’ वर्ग बहुतेक सगळाच खाली येतो आणि त्वचेत अधिक खोलवर शिरतो.

उन्हाचा चटका आणि हे किरण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवावे. चटका उष्णतेचा असतो. तो लागताच समजतो. अतिनील किरण अंगावर पडत असताना काहीच जाणवत नाही. हिवाळ्यातील थंडगार दुपारी किंवा पातळ ढग आले असतानाही ते त्वचेवर पडतच असतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्या तीव्रतेचा एक निर्देशांक ठरविला असून त्यात ११ आणि त्यावरील आकडा सर्वोच्च वर्गात मोडतो. विदर्भात उन्हाळ्यातील निरभ्र माध्यान्ही ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

‘ब’ वर्गाचे किरण त्वचेतील पेशींच्या गाभ्यापर्यंत पोहोचतात आणि तेथील डीएनए या आनुवंशिक द्रव्यावर आघात करतात. या द्रव्याच्या साखळीतील शेजारशेजारचे दोन दुवे एकमेकांस चिकटून बसतात आणि पेशीची लिपी त्या जागी वाचता येईनाशी होते. शरीरात ही दुरुस्ती करणारी यंत्रणा आहे. ती खराब झालेला तुकडा कापून काढते आणि नवा बसविते. परंतु आघात वारंवार झाले तर काही चुका दुरुस्त होण्यावाचून राहून जातात. त्या चुका पेशीच्या वाढीस लगाम घालणाऱ्या जनुकात पडल्या म्हणजे पेशी बेसुमार वाढू लागते. ‘अ’ वर्गाचे किरण निराळ्या मार्गाने घात करतात. ते पेशीत प्राणवायूचे उग्र अणुसमूह निर्माण करतात आणि हे अणुसमूह शेजारच्या द्रव्यांची नासधूस करतात. शिवाय दोन्ही वर्गांच्या किरणांमुळे त्वचेतील प्रतिकारशक्ती मंदावते, त्यामुळे बिघडलेली पेशी वेळीच ओळखून नष्ट करण्याचे कामही ढिले पडते. अतिनील किरणांनी उंदरांच्या त्वचेस कर्करोग होतो हे ब्रिटनमध्ये जॉर्ज फिंडले यांनी १९२८ मध्ये प्रयोगाने दाखविले.

असे असता बोरी अरबच्या शेतांत आयुष्य घालविणाऱ्या सर्वांनाच हा रोग का होत नाही? याचे उत्तर त्यांच्या सावळ्या वर्णात आहे. त्वचेतील मेलॅनिन नावाचे काळसर रंगद्रव्य पेशीच्या गाभ्यावर छत्रीप्रमाणे पसरते. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत, गोऱ्या त्वचेच्या बाह्य थरातून ‘ब’ वर्गाचे सुमारे २४ टक्के किरण आरपार गेले, तर कृष्णवर्णीय त्वचेतून केवळ ७ टक्क्यांच्या आसपास. म्हणून भारतात त्वचेचा कर्करोग युरोपीय वंशाच्या लोकांच्या मानाने पुष्कळच विरळ आहे.

येथे जो आढळतो त्याची कारणेही अनेकदा निराळी असतात. काश्मीरमध्ये थंडीत फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी बाळगण्याची चाल आहे. तिच्या धगीने पोटावर आणि मांड्यांवर होणारा कर्करोग एकोणिसाव्या शतकापासून वैद्यांस माहीत आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक लक्षणीय उदाहरण धोतराचे आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, कमरेस वर्षानुवर्षे घट्ट कसलेल्या धोतराच्या काचाने त्या जागी उद्भवणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. कातडी आधी काळवंडते, खरखरीत होते, तिचे पापुद्रे निघतात आणि पुढे कधीतरी बरी न होणारी जखम होते. त्वचेस दीर्घकाळ होणारा कोणताही उपद्रव घातक ठरू शकतो आणि लोकांच्या राहणीत त्याचे मूळ शोधले पाहिजे, हा खानोलकरांचा धडा आजही उपयुक्त आहे.

तथापि उन्हाने होणारा कर्करोग भारतात नाहीच असे समजणे चुकीचे होईल. ज्यांच्या त्वचेत जन्मतःच मेलॅनिन बनत नाही अशा वर्णहीन व्यक्ती, ज्यांच्या शरीरात डीएनएच्या दुरुस्तीची यंत्रणा जन्मतः अधू आहे अशी मुले, आणि दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविल्यामुळे प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे ज्यांना नित्य घ्यावी लागतात असे रुग्ण, यांना ऊन हा खरोखरीचा शत्रू आहे. परदेशांत तर दरवर्षी लक्षावधी लोकांस हा रोग जडतो. त्याला प्रतिबंध करणारे स्वस्त आणि निरुपद्रवी द्रव्य वनस्पतींतून मिळाले तर ते सर्वांसच हवे आहे.

अशी द्रव्ये वनस्पतींत आहेत यात शंका नाही. पानांच्या वरच्या कातडीत फ्लेव्होनॉइड वर्गातील अनेक द्रव्ये साठविलेली असतात. ती अतिनील किरण शोषून घेतात आणि अन्न बनविण्यास लागणारा दृश्य प्रकाश आत जाऊ देतात. प्रयोगशाळेत वाढविलेल्या ज्या रोपांत ही द्रव्ये बनत नाहीत, ती रोपे या किरणांखाली होरपळतात. कपाशीच्या पिवळ्या फुलांत याच वर्गाची रंगद्रव्ये आहेत. विड्याच्या पानास लावला जाणारा कात खैराच्या लाकडापासून काढतात. त्यातील कॅटेचिन या द्रव्याचे नाव कातावरूनच पडले. चहाच्या हिरव्या पानांत या कॅटेचिनचीच भावंडे विपुल आहेत. हळदीतील कर्क्युमिन, द्राक्षाच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉल, कोबीच्या कुळातील भाज्यांमधील सल्फोराफेन, गाजरातील आणि पालेभाज्यांतील बीटा-कॅरोटिन ही सारी या शोधाच्या यादीत आहेत.

ही द्रव्ये त्वचेचे रक्षण तीन प्रकारांनी करू शकतील अशी अपेक्षा असते. एक, पडद्याप्रमाणे किरण वरच्यावर अडविणे. दोन, किरण आत शिरल्यावर निर्माण होणारे उग्र अणुसमूह शमविणे आणि दाह कमी करणे. तीन, डीएनएच्या दुरुस्तीस व त्वचेच्या प्रतिकारशक्तीस साहाय्य करणे. कोणतेही द्रव्य यांपैकी काय करते, हे परीक्षानळीत पाहणे सोपे, उंदरात पाहणे त्याहून अवघड आणि मनुष्यात पाहणे सर्वांत अवघड असते.

हळदीचेच उदाहरण घ्यावे. सांगलीची हळद सर्वांस ठाऊक आहे. वर्ध्याकडील वायगावची हळदही प्रसिद्ध आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस उमरखेड-महागावकडेही हळदीचे पीक घेतात. हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्याचा, ते कर्क्युमिन १८१५ मध्ये प्रथम वेगळे काढण्यात आले आणि त्याची रचना १९१० मध्ये निश्चित झाली. हळकुंडाच्या वजनाच्या सुमारे २ ते ५ टक्के इतकेच ते असते. १९८८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांच्या त्वचेवर रसायनांच्या योगाने गाठी उत्पन्न केल्या आणि त्याच जागी कर्क्युमिन लावले असता गाठींचे प्रमाण पुष्कळ घटते असे दाखविले. मुंबईस परळच्या कर्करोग संशोधन संस्थेत अझुइने आणि भिडे यांनी उंदरांच्या आहारात हळद मिसळून प्रयोग केले; रसायनांनी होणाऱ्या जठराच्या आणि त्वचेच्या गाठींस तिने आळा बसतो, असे त्यांच्या १९९२ मधील निबंधात आहे. अतिनील किरणांनी होणाऱ्या गाठीही उंदरांत कर्क्युमिनमुळे उशिरा येतात, असे नंतरच्या प्रयोगांत दिसून आले.

येथवर आशा आहे. आता अडचणी पाहाव्या. कर्क्युमिन प्रकाश शोषते, परंतु सर्वांत अधिक शोषते ते ४२५ नॅनोमीटरच्या सुमारास, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या निळ्या-जांभळ्या भागात. म्हणूनच तर हळद पिवळी दिसते. ज्या ‘ब’ वर्गाच्या किरणांनी कर्करोग होतो, त्यांस अडविणारा चांगला पडदा म्हणून तिचा उपयोग नाही. शिवाय कर्क्युमिन स्वतःच प्रकाशात फार काळ टिकत नाही. याचा अनुभव प्रत्येक गृहिणीस आहे. कपड्यावर पडलेला हळदीचा डाग साबणाने जात नाही, पण कपडा दोन दिवस उन्हात वाळत घातला की फिकट होऊन नाहीसा होतो. जे द्रव्य उन्हात स्वतःच मोडून पडते, ते चेहऱ्यावर लावून दिवसभर उन्हात वावरणाऱ्याचे रक्षण कसे करणार? पोटात घ्यावे तर ते रक्तात फारच थोडे उतरते. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले की, मिऱ्यांतील पिपरिन त्याजबरोबर दिल्यास मनुष्याच्या रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे वीसपट होते. परंतु मूळचे प्रमाणच इतके अल्प असते की, वीसपट होऊनही ते परीक्षानळीतील प्रयोगांत वापरलेल्या मात्रेच्या जवळपास येत नाही.

हळदीच्या संबंधात आणखी एका प्रकरणाचा उल्लेख आवश्यक आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व, म्हणजे पेटंट, १९९५ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठास देण्यात आले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्यास हरकत घेतली. हे ज्ञान भारतात पूर्वापार आहे, याचे लेखी पुरावे जुन्या ग्रंथांतून आणि निबंधांतून सादर केले आणि १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. या विजयाचा अभिमान वाटणे योग्यच आहे. परंतु त्यातून सिद्ध काय झाले, याचेही भान हवे. जखमेवर हळद लावण्याची रीत जुनी आहे, नवी नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले. हळदीने कर्करोग टळतो की नाही, हा प्रश्न तेथे नव्हताच.

चहाची कथाही अशीच आहे. हिरव्या चहातील द्रव्ये पिण्याच्या पाण्यातून दिली किंवा त्वचेवर लावली असता अतिनील किरणांनी उंदरांस होणाऱ्या गाठी कमी होतात, हे १९९१ नंतर अनेक प्रयोगांत दिसले. मनुष्याच्या त्वचेवर तो अर्क लावून मग किरण सोडले असता लाली कमी येते आणि डीएनएवरील आघातही घटतात, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. २००७ मध्ये कोबीच्या कुळातील ब्रोकोलीच्या कोंबांचा अर्क सहा जणांच्या त्वचेवर लावण्यात आला. त्यांच्या त्वचेवरील लाली सरासरीने एकतृतीयांशाहून अधिक घटली. ही निरीक्षणे महत्त्वाची आहेत. परंतु लाली काही तासांत दिसते, कर्करोग मात्र काही दशकांनी होतो. एकीवरून दुसऱ्याचे अनुमान सरळ काढता येत नाही.

ते अनुमान किती फसवे ठरू शकते, याचे ढळढळीत उदाहरण बीटा-कॅरोटिनचे आहे. जे लोक गाजरे आणि हिरव्या भाज्या भरपूर खातात त्यांस कर्करोग कमी होतो, असे अनेक पाहण्यांत आढळले होते. उंदरांतील प्रयोगही अनुकूल होते. तेव्हा मनुष्यावर रीतसर कसोटी घेण्याचे ठरले. अमेरिकेत एकदा त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या १८०५ लोकांपैकी काहींना पाच वर्षे रोज ५० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली गेली. १९९० मध्ये निकाल लागला, तेव्हा दोन्ही गटांत नव्या कर्करोगांच्या प्रमाणात फरक पडला नव्हता. १९९४ मध्ये फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील कसोटीचा निकाल आला, तो तर धक्कादायकच होता. ज्यांना बीटा-कॅरोटिन दिले होते, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक निघाले. गाजर खाणे हितकर आहे; परंतु त्यातील एक द्रव्य वेगळे काढून मोठ्या मात्रेने वर्षानुवर्षे घेणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट आहे, हे या निकालांनी शिकविले.

वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, हा समजही तपासून घेतला पाहिजे. जमालगोट्याचे तेल उंदरांच्या कातडीवर पुनःपुन्हा लावल्यास, तेथे आधी रुजलेले कर्करोगाचे बीज वाढीस लागते, हे १९४० च्या सुमारास उघडकीस आले. वर सांगितलेल्या कर्क्युमिनच्या प्रयोगात गाठी वाढविण्यास वापरलेले रसायन या तेलातलेच होते. म्हणजे एका वनस्पतीने उठविलेला उपद्रव दुसरीने शमविला असे ते दृश्य होते. बावचीचे बी कोडावरील जुने औषध आहे. त्यातील सोरालेन वर्गाची द्रव्ये त्वचेस प्रकाशाविषयी अतिशय हळवी करतात; त्यांचा उपयोग रंग परत आणण्यासाठी होतो तो याच गुणामुळे. याच वर्गातील औषध देऊन वर ‘अ’ वर्गाचे किरण सोडण्याचा उपचार १९७४ पासून सोरायसिस या त्वचारोगावर रूढ झाला. १९७९ मध्ये अशा तेराशेहून अधिक रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा त्यांच्यात त्वचेचा कर्करोग अपेक्षेहून अधिक आढळला. उपचार उपयुक्त आहे, परंतु तो तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मोजून मापूनच घ्यावयाचा असतो. बावची लावून अंदाजाने उन्हात बसणे धोक्याचे आहे. लिंबाच्या रसातही अशी द्रव्ये असतात. चेहरा उजळावा म्हणून तो लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात.

सर्वांत बोधप्रद प्रकरण अगदी अलीकडचे आहे. शेराच्या कुळातील एका लहानशा दुधाळ तणाचा चीक ऑस्ट्रेलियात लोक उन्हाने उठलेल्या खरखरीत चट्ट्यांवर लावीत असत. असे चट्टे पुढे कर्करोगात परिणत होऊ शकतात. त्या चिकातील द्रव्य वेगळे काढून त्याचे मलम तयार झाले, कसोट्या झाल्या, चट्टे खरोखरच नाहीसे झाले आणि २०१२ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. लोकांच्या औषधातून आधुनिक औषध निघाल्याचे हे आदर्श उदाहरण म्हणून गणले गेले. परंतु पुढे तीन वर्षांच्या तुलनात्मक पाहणीत असे दिसून आले की, हे मलम ज्या जागी लावले तेथे त्वचेचा कर्करोग दुसऱ्या औषधाच्या मानाने अधिक वेळा झाला. २०२० मध्ये युरोपातील औषध नियंत्रकांनी, धोका लाभाहून अधिक आहे, असा निर्णय दिला. चट्टे गेले हे खरे होते. परंतु ज्यासाठी चट्टे घालवावयाचे, तो हेतू सफल झाला नाही.

मग मनुष्यावरील कसोटीत उतरलेले असे काहीच नाही काय? आहे. ऑस्ट्रेलियातील नांबूर या गावात १६२१ प्रौढांवर १९९२ ते १९९६ या काळात एक कसोटी घेण्यात आली. काहींना रोज न चुकता किरणरोधक मलम लावावयास दिले, काहींना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांचा काही उपयोग झाला नाही. रोज मलम लावणाऱ्यांत मात्र त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रमुख प्रकार सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. २०१५ मध्ये त्याच देशात, पूर्वी त्वचेचा कर्करोग झालेल्या ३८६ जणांवरील कसोटीत, ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार असलेल्या निकोटिनामाइडने वर्षभरात नवे कर्करोग २३ टक्क्यांनी कमी केले. गोळ्या बंद करताच हा लाभ ओसरला. हे औषध धोका असलेल्या रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे आहे. हळद, चहा, द्राक्ष किंवा कोबी यांतील कोणतेही द्रव्य अद्याप अशा कसोटीतून कर्करोग टाळणारे म्हणून पार पडलेले नाही.

परंतु वनस्पतींनी दिलेली एक ढाल बोरी अरबच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली आहे आणि तिचे सामर्थ्य मोजून पाहिलेले आहे. ती म्हणजे कापूस. कापसाचा तंतू स्वतः हे किरण फारसे शोषीत नाही. अडवणूक होते ती विणीने, जाडीने आणि रंगाने. धुऊन पांढरेशुभ्र केलेले पातळ सुती कापड सुमारे सहावा-सातवा हिस्सा किरण आत येऊ देते. तेच कापड जाड, घट्ट विणीचे आणि गडद रंगाचे असेल तर पन्नासावा हिस्साही आत येत नाही. न विरंजलेल्या, मूळच्या पिवळसर कापडात कापसाची नैसर्गिक द्रव्ये शिल्लक असतात आणि तीही किरण शोषतात. म्हणजे ज्या वनस्पतीजन्य द्रव्यांचा शोध प्रयोगशाळेत चालला आहे, त्यांतली काही साध्या जाड्याभरड्या कापडात आपोआपच मिळतात. नवे सुती कापड दोनचार धुण्यांत आटते आणि वीण घट्ट होऊन अधिक रक्षण करते. घामाने किंवा पाण्याने ओले झाल्यावर मात्र त्याची शक्ती कमी होते. कापड प्रकाशासमोर धरून पाहावे. पलीकडचे जितके स्पष्ट दिसेल, तितके ते या कामास निरुपयोगी समजावे.

निंदणीस जाणाऱ्या स्त्रिया डोक्यावर आणि मानेवर पदर घेतात, अंगात पुरुषी पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात. शेतकरी डोक्यास शेला गुंडाळतो. या रीतींचा उगम चटका आणि धूळ चुकविण्यात असेल, परंतु त्या न दिसणाऱ्या किरणांनाही चुकवितात. शहरातील सुशिक्षित कुटुंबांत मुलांस उघड्या डोक्याने भर दुपारी मैदानावर पाठविण्याची जी चाल पडली आहे, तिच्यापेक्षा या रीती अधिक शास्त्रशुद्ध होत. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड झाली म्हणजे किरण तीव्र आहेत असे समजावे आणि झाडाची किंवा छपराची सावली जवळ करावी. ज्यांची त्वचा वर्णहीन आहे, त्यांनी पूर्ण अंग झाकणारे कपडे, रुंद कडेची टोपी आणि किरणरोधक मलम या तिन्हींचा अवलंब बालपणापासून केला पाहिजे. कोडाचे पांढरे डागही उन्हात लवकर भाजतात, म्हणून ते झाकावेत.

सर्वांत महत्त्वाची सूचना मात्र वेगळीच आहे. महिना उलटूनही बरी न होणारी जखम, जुन्या भाजल्याच्या व्रणात पडलेले क्षत, सहज रक्त येणारी गाठ, अथवा तळपायावर वा नखाखाली वाढत जाणारा काळा डाग, यांपैकी काहीही दिसले तर त्यावर हळदीचा लेप किंवा कोणताही पाला लावून वाट पाहत बसू नये. भारतीयांत काळ्या डागाचा घातक कर्करोग उघड्या भागांपेक्षा तळपायावर अधिक वेळा आढळतो आणि त्याचा उन्हाशी संबंध नसतो, त्यामुळे तो नजरेआड राहतो. त्वचेच्या कर्करोगाचे एक मोठे सुदैव असे की, तो बाहेरच असतो, डोळ्यांस दिसतो, आणि लहान असतानाच कापून काढला तर बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात. हे सुदैव लेपाखाली झाकून टाकू नये. डॉक्टरांनी तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा; तेवढ्यानेच निर्णय होतो.

हळदीचा, कातेचा आणि चहाचा शोध पुढे चालूच राहील आणि राहिला पाहिजे. उंदरांतील आशादायक निकाल खोटे नाहीत. ते अपुरे आहेत. कर्क्युमिन त्वचेत टिकेल आणि खोल उतरेल अशा रूपात देण्याचे प्रयत्न होत आहेत, आणि एखादे दिवशी मोठ्या कसोटीतून असे द्रव्य उतरेलही. त्या दिवसापर्यंत हळदीचे स्थान स्वयंपाकघरात आणि सुगीच्या बाजारात आहे. तोवर उन्हातून जाणाऱ्याने कापसाचे जाड वस्त्र अंगावर घ्यावे, दुपारी कडुनिंबाची सावली धरावी, आणि न भरणारी जखम लवकर दाखवावी.